वावर पाहताना

पुण्या-मुंबईकडचे ओळखीचे लोक हल्ली फोन करून विचारतात, "तुमच्या वर्ध्याकडे शेतजमीन कशी आहे? येऊन राहावं म्हणतोय." कुणी नोकरी सोडायच्या बेतात असतं, कुणाची मुलं मार्गी लागलेली असतात, कुणाला आपलं अन्न आपण पिकवावं असं मनापासून वाटत असतं. टाळेबंदीनंतर असे फोन फारच वाढले. मी या जिल्ह्यात वाढले. नवऱ्याबरोबर इथल्या गावांमधून वावर शोधत भरपूर हिंडले आणि आता कारंजाच्या वाटेवरच्या एका गावात आमचं थोडं वावर आहे. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो आणि फोनवर दोन मिनिटांत त्याचं उत्तर देता येत नाही.

जिल्हा एक असला तरी जमीन एक नाही. वर्धा नदी मध्य प्रदेशातल्या मुलताईकडून उतरते आणि आधी अमरावती, मग यवतमाळ जिल्ह्याची शीव आखत आमच्या पश्चिमेने खाली जाते. उत्तरेकडे आष्टी, कारंजा आणि आर्वीचा वरचा भाग डोंगराळ. माती उथळ, भुरी, जागोजागी मुरूम वर आलेला. संत्र्याच्या बागा इथे, सागाचं जंगल इथे, आणि पांढऱ्या, चपळ गवळाऊ गाईही इथल्याच. नंदगवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जात सांभाळली. हेटीकुंडीला तिचं सरकारी पैदास केंद्र आहे. दक्षिणेला हिंगणघाट आणि समुद्रपूर म्हणजे खोल, सपाट, काळीभोर जमीन. इंग्रजांच्या काळात हिंगणघाटच्या कापसाचं नाव विलायतेच्या बाजारात झालं ते या मातीमुळे. समुद्रपूरकडचीच वायगावची हळद. तिला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मधल्या सेलू, वर्धा, देवळी तालुक्यांत दोन्हींची सरमिसळ. एका धुऱ्याच्या अलीकडे भारी जमीन आणि पलीकडे बरड, असं तिथे सर्रास दिसतं.

नवीन माणूस काळ्या जमिनीवर भाळतो. ती आहेच तशी देखणी. पण या जमिनीत राहायला जायचं असेल तर तिचा स्वभाव आधी कळला पाहिजे. पावसाळ्यात झड लागली की आठ-आठ दिवस वापसा येत नाही. वावरात पाय टाकला तर घोट्यापर्यंत रुततो आणि तण डोळ्यांदेखत पिकाच्या वर जातं. उन्हाळ्यात तीच जमीन अशी फाटते की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. ओल धरताना फुगायचं आणि वाळताना आकसायचं, हा तिचा धर्म. त्यामुळे तिच्यावर साध्या पायाचं घर बांधलं की दोन-तीन वर्षांत भिंती तडकतात. जुन्या लोकांनी गावं वसवली ती मुरमाड उंचवट्यावर, पांढरीवर. काळी पिकासाठी राखली. शहरातून येणारा मात्र वावराच्या मधोमध घराचं चित्र काढून आणतो. मला विचाराल तर राहायला येणाऱ्याने मध्यम जमीन बघावी. थोडा उतार हवा, दीड-दोन फूट माती हवी, खाली मुरूम हवा. पाणी तुंबत नाही, भाजीपाला होतो, झाडं जगतात आणि घराला टणक जागाही मिळते.

माती बघायला आम्हाला एका काकाजींनी शिकवलं. त्यांचं वावर विकायचं नव्हतं, शेजारचं होतं. त्यांनी आम्हाला रस्त्याकडच्या कडेवरून थेट मधोमध नेलं, कारण कडेची माती वाहून आलेली असते, तिच्यावरून काही कळत नाही. मग विळ्याने वीतभर उकरून मूठभर माती काढली, बाटलीतलं पाणी शिंपडून तळहातावर मळली आणि तिची करंगळीएवढी वळी केली. वळी बोटाभोवती न तुटता फिरली. "भारी हाय," ते म्हणाले. पुढे नाल्याकडे उतरल्यावर तीच कृती पुन्हा केली. तिथली वळी मध्येच तुटली. "हे बरी. हिच्यात काईबी होते." मग हात झटकून त्यांनी विचारलं, "जमीन तं पायली तुमी. पानी पायलं. वाट पायली का?"

वाट आम्ही पाहिली नव्हती असं नाही. आम्ही तिच्यावरूनच तर आलो होतो. पण ते होते एप्रिलचे दिवस. काकाजी म्हणाले, "पावसायात इथं बंडीबी येत नाई, बाई. कापूस का डोक्यावर आनाल?"

पांदण म्हणजे वावरात जाणारा गाडीरस्ता. विदर्भात शेतीची अर्धी भांडणं या पांदणीवरून होतात. नकाशावर ती तेहतीस फुटांची असते, प्रत्यक्षात दोन्हीकडचे वावरवाले वर्षाला एकेक तास नांगरत नांगरत तिला बैलगाडीच्या चाकोरीएवढी करून टाकतात. काही पांदणी तर बाभळींत आणि बेशरमीत पार बुजून गेल्या आहेत. पांदण मोकळी करायची तर सगळ्यांची संमती असलेली बरी. नसली तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, आदेशही निघतो. पण आदेशाने मोकळी झालेली पांदण पुढच्या पेरणीत पुन्हा अरुंद होते. शेजाऱ्यांनी मनाने सोडलेली तेवढी टिकते. म्हणून वाट बघणं म्हणजे त्या वाटेवरची सगळी माणसं बघणं. हे मला काकाजींच्या त्या एका प्रश्नाने शिकवलं आणि जमिनीकडे पाहण्याची माझी नजरच त्या दिवसापासून बदलली.

पाण्याचं थोडक्यात सांगते. पाऊस सरासरीने हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे कमी नाही. पण तो चार महिन्यांत पडतो आणि त्यातही मधले पंधरा-वीस दिवस दडी मारून बसतो. खाली बेसाल्टचा खडक आहे. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. त्यामुळे दोन विहिरींत शंभर पावलांचं अंतर असतं आणि एक बारमाही, दुसरी होळीलाच कोरडी. डिसेंबरातली भरलेली विहीर बघून कुणीही सौदा करू नये. मे महिन्याच्या अखेरीस विहिरीत वाकून पाहावं आणि मोटर लावून किती वेळात उपसते, रात्रभरात किती परत भरते, ते बसून बघावं. बोर, धाम यांसारख्या प्रकल्पांचे कालवे ज्या गावांतून जातात तिथे रब्बीला आधार आहे, पण शेपटाकडच्या वावराला पाळी येईस्तोवर हरभरा घाट्यावर आलेला असतो. शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीची असते. गहू ओलायला थंडीत रात्री दोन वाजता उठणं इथल्या बायाबापड्यांच्या अंगवळणी पडलं आहे. नव्याने येणाऱ्याने त्याची तयारी ठेवावी किंवा सौर पंप बसवावा.

कागदांचं त्याहून थोडक्यात. विदर्भाला 1958चा कूळकायदा लागू आहे आणि जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबारा तर सगळेच बघतात. पण हा मुलूख मालगुजारीचा, म्हणून जुन्या निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात त्या सर्वे नंबरातून कुणाची वाट, कुणाचं पाणी, कुणाची चराई नोंदली आहे, तेही काढून वाचावं. वर्ग दोनची जमीन, भूदानाची जमीन यांचे व्यवहार सरळ होत नाहीत. तुकड्यांचंही तसंच, 2023 मध्ये जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठ्यांची किमान मर्यादा ठरली, त्याखालचं खरेदीखत गळ्यात पडू शकतं.

आता जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं त्याकडे येते. राहण्यासाठी हा जिल्हा पारखून घेणारे आपण काही पहिले नाही. या देशात गावात जाऊन राहण्याचा सगळ्यात गंभीर विचार ज्यांनी केला, त्यांनी तो इथेच करून पाहिला.

जमनालाल बजाजांच्या आग्रहाने गांधीजी 1934 मध्ये वर्ध्याला आले आणि मगनवाडीत राहू लागले. तिथेच जे. सी. कुमारप्पांच्या हाताखाली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. पण मगनवाडी शेवटी शहराच्या अंगणात होती. गांधीजींना खरोखरचं खेडं हवं होतं. 30 एप्रिल 1936 रोजी ते पायी चालत सेगावला गेले. ज्यांनी सोय म्हणून जागा निवडली असती, त्यांनी सेगाव कधीच निवडलं नसतं. धड रस्ता नव्हता, पावसाळ्यात वर्ध्याशी संबंध तुटायचा, हिवताप घरोघर होता. त्याच वर्षी खुद्द गांधीजींना हिवतापाने गाठलं. घर बांधलं ते माती, बांबू, कवेलू अशा आसपास मिळणाऱ्या सामानाचं. ही माहिती आश्रमाच्या फलकांवर आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती गोष्ट वेगळी: तिथे कायमचं राहण्याआधी त्यांनी गावकऱ्यांना जमवून विचारलं, मी इथे येऊन राहू का. आणि मी अस्पृश्यता मानणार नाही, तुमच्यातल्या सगळ्यांबरोबर सारखाच वागेन, हेही त्याच बैठकीत सांगून टाकलं. जमीन तर जमनालालजींची होती. विचारलं नसतं तरी कुणी अडवलं नसतं. 1940 मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं.

कुमारप्पांचा प्रयोग त्या मानाने विसरला गेला आहे, आणि राहायला येणाऱ्यांनी तो मुद्दाम समजून घ्यावा. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा अर्थशास्त्रज्ञ 1950 नंतरच्या काळात नागपूर रस्त्यावरच्या सेलडोहला जाऊन राहिला, तिथे पन्नई आश्रम काढला आणि संतुलित शेतीचा आराखडा जमिनीवर उतरवू लागला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गावाला वर्षभरात किती धान्य, किती डाळ, किती तेल, किती कापड लागतं ते आधी काढा आणि त्या हिशेबाने गावाची जमीन पिकांना वाटून द्या. बाजारासाठी पिकवायचं ते त्यानंतर. त्याच सुमाराला पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला होता: बैलही नाही, पैसाही नाही, कुदळ-फावड्याने जमीन खणायची, विहिरीचा रहाट माणसांनी ओढायचा आणि उगवेल त्यावर राहायचं. 1951 च्या मार्चमध्ये विनोबा तिथून पायी निघाले आणि पुढच्याच महिन्यात पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. कुमारप्पाही काही वर्षांनी तमिळनाडूत कल्लूपट्टीला गेले. सेलडोहचा आश्रम पुढे वाढला नाही. पवनारचा वाढला, 1959 मध्ये ब्रह्मविद्या मंदिर झालं, तिथल्या भगिनी अजून शेती करतात. ज्याला एकट्याने जमिनीवर उभं राहायचं आहे त्याने हे दोन शेजारचे प्रयोग लक्षात घ्यावेत. कुमारप्पांचा विचार तर किती स्वच्छ होता, पण त्यांच्यामागे राहणारा समूह तयार झाला नाही. पवनारला तो झाला.

आणि याच जिल्ह्यातलं दुसरं चित्रही झाकून ठेवता येत नाही. ज्या सहा जिल्ह्यांतल्या शेतकरी आत्महत्यांची सरकार 2001 पासून स्वतंत्र नोंद ठेवतं, त्यात वर्धा आहे. 2005-06 च्या सुमाराला डोरली गावाने आपलं गाव विक्रीला असल्याचं जाहीर केलं होतं. 2006 साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग इथल्या वायफडला येऊन शेतकऱ्यांना भेटले आणि या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. म्हणजे एका बाजूने शहरातले लोक इथे जमीन शोधत येतात आणि दुसऱ्या बाजूने इथे जन्मलेल्यांना ती परवडेनाशी होते. येणाऱ्याने हे समजून घेऊनच यावं.

न परवडण्याचं गणित अवघड नाही. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7710 रुपये होता. कोरडवाहू वावरात एकरी पाच-सहा क्विंटल निघाला आणि तो हमीभावाने गेला, तर हाती अडतीस ते शेहेचाळीस हजार येतात. त्यातून बियाणं, खत, चार-पाच फवारण्या, डवरणी, निंदण आणि वेचणी काढा. वेचणीलाच किलोमागे आठ-दहा रुपये जातात. घरच्यांच्या मजुरीचा हिशेब घातला तर बहुतेक सालं तोंडमिळवणीतच संपतात, आणि गुलाबी बोंडअळीचं साल असलं तर ती मिळवणीही होत नाही. म्हणून इथे राहायला येऊन कापूस आणि सोयाबीनवर पोट भरेन, असं कुणी म्हणत असेल तर मी त्याला स्पष्ट नको म्हणते. पण कुमारप्पांच्या रीतीने बघितलं तर हीच जमीन उदार आहे. ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, जवस, अंबाडी, भुईमूग, गहू, हरभरा, हळद, मिरची. घराला लागणारं बहुतेक सगळं चार एकरांत होतं. गोपुरीच्या चेतना-विकास आणि वर्ध्याच्या धरामित्र या संस्थांनी याच मातीत लहान शेतकऱ्यांबरोबर मिश्र पिकांचं आणि सेंद्रिय शेतीचं वर्षानुवर्षं काम केलं आहे. नव्या माणसाने पहिली पायरी तिथली चढावी.

जनावरांबद्दल मात्र कुणी आधी सांगत नाही. बोरचं अभयारण्य 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. हा व्याघ्र प्रकल्प लहान, त्यामुळे वाघ त्याच्या हद्दीत मावत नाहीत; सेलू, कारंजा, आष्टीच्या शिवारांत त्यांचा वावर असतो. तरी शेतकऱ्याचं रोजचं दुखणं वाघ नाही. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर हे आहे. रोह्यांचा एक कळप रात्रीतून एकरभर हरभरा मुंडून टाकतो. डुकरं भुईमूग तर ठेवतच नाहीत. म्हणून जागल, रात्रीची राखण.

आमच्या गावात कार्तिकापासून माणसं रात्री वावरात जातात. चार बल्ल्यांवर मचाण, वर पऱ्हाट्या आणि ताडपत्री, खाली शेकोटी. मी पहिल्यांदा जागलीला गेले तेव्हा थंडीपेक्षाही मला तिथल्या आवाजांनी जागं ठेवलं. एका वावरातून कुणी डबा वाजवला की पलीकडचा लांब हाक देतो, त्याच्या पलीकडचा बॅटरीचा झोत फिरवतो. अशी हाक शिवारभर फिरून येते. एखाद्या मचाणावरून बराच वेळ आवाज आला नाही तर शेजारचा नावाने पुकारतो: झोपला, की काही झालं? पहाटे दव पडून पांघरूण ओलं होतं. सकाळी तीच माणसं घरी जाऊन चहा पितात आणि पुन्हा वेचणीला लागतात. झटका मशीन आलं, तारांची कुंपणं आली, वन खात्याकडून भरपाईचे अर्ज निघतात. पण अख्खा शिवार जागा असल्याशिवाय एकट्याचं वावर वाचत नाही. ज्याच्या नावाने पुकारायला कुणी नाही, त्याने इथे एकटं राहू नये.

मे महिन्याचा विचारही येणाऱ्याने मनाशी पक्का करावा. पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि दहा-पंधरा दिवस तिथेच राहतो. सकाळी दहानंतर बाहेरची कामं थांबतात, रात्री अकरापर्यंत भिंती धग सोडतात. सिमेंटच्या स्लॅबचं घर या दिवसांत राहण्याजोगं उरत नाही. जाड मातीच्या भिंती, कवेलूचं उतरतं छप्पर, चारी बाजूंनी छपरी: हे घर टिकतं, आणि सेवाग्रामला गांधीजींच्या बापूकुटीत दुपारी जाऊन बसल्यावर ते अंगाला कळतं. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माती आणि बांबूच्या बांधकामावर पुष्कळ काम करून ठेवलं आहे. कवेलू बनवणारे कुंभार मात्र कमी होत चालले. घर बांधणाऱ्याने आधी कुंभार शोधावा.

या सगळ्याच्या बदल्यात जिल्हा जे देतो ते थोडंथोडकं नाही. सेवाग्रामला 1969 पासून मेडिकल कॉलेज आहे, सावंगीला दुसरं आहे. एवढ्याशा जिल्ह्यात दोन मोठी इस्पितळं फार ठिकाणी नाहीत. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग इथे मिळतात. मुलांसाठी सेवाग्रामला गांधीजींच्या नयी तालीम या शिक्षणपद्धतीच्या वाटेने चालणारी आनंद निकेतन शाळा आहे, जिथे पोरं वाफे खणत गणित शिकतात. सत्तरच्या दशकापासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. ती गावोगाव मोडली जाते हे खरं, पण ती आहे म्हणून गावातल्या बायकांना निदान तक्रार करायला जागा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सिंदीचा तान्हा पोळा बघावा. लाकडी नंदी ओढत येणारी ती शेकडो पोरं बघून इथे बैल अजून घरचा आहे हे पटतं.

जमिनीचे भाव मात्र समृद्धी महामार्गाने पार बिघडवून ठेवले. येळाकेळीच्या आजूबाजूला वावरांमध्ये ले-आउटचे दगड उभे राहिले. प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाचं एक टोक पवनारजवळ आहे. त्याची आखणी बघितल्याशिवाय त्या बाजूला हात घालू नये. महामार्गालगतची जमीन शेतीच्या भावाने कधीच परवडणार नाही, आणि तिथल्या शेजाऱ्यांनी जमिनी विकल्या की पांदण, जागल, पाण्याची पाळी हे सगळं एकदमच मोडतं. राहायला येणाऱ्याने महामार्गापासून दहा-बारा किलोमीटर आत जावं.

आत गेल्यावर गाव भेटतं, आणि गाव साधंसरळ नसतं. कोणती वस्ती कोणाची, कुठल्या विहिरीवर पूर्वी कोण येत नसे, कुणाच्या वावरातून कुणाची प्रेतयात्रा जाऊ देत नाहीत, हे सगळं अजून माणसांच्या मनात आहे. ज्या प्रश्नाला गांधीजींनी पहिल्याच बैठकीत हात घातला, तो नव्वद वर्षांनंतर संपलेला नाही. शहरातून आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच एखादी बाजू आपलीशी करते. तेव्हा कुणाच्या घरी आधी जेवलो, कामाला कुणाला बोलावलं, मजुरी किती दिली, हे सगळं गाव बघत असतं. मजुरी गावाच्या दरापेक्षा कमी देऊ नये, आणि ऐपत दाखवायला दर एकदम चढवूही नये. पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याला निंदणाला बाई मिळत नाही आणि त्याचा राग तुमच्यावर निघतो. ग्रामसभेला जावं. आठवडी बाजार गावकऱ्यांबरोबर करावा. वावरात घर बांधायची घाई न करता पहिली दोन-तीन वर्षं गावातच भाड्याने राहावं. आम्ही तसंच केलं आणि पांदणीचा प्रश्न आमच्या ओसरीवरच सुटला, कारण तोवर आम्ही सगळ्यांच्या बसण्या-उठण्यातले झालो होतो.

तर माझं मत असं. राहायला म्हणून या जिल्ह्यात जमीन घ्यायची असेल तर सेलूच्या वरच्या अंगापासून कारंजापर्यंतचा पट्टा बघा. तीन-चार एकर मध्यम जमीन, मे महिन्यातही पाणी दाखवणारी विहीर आणि पावसाळ्यात बंडी जाईल अशी पांदण, एवढं जमलं तर हा जिल्हा तुम्हाला पोटभर जेवू घालील. भारी काळी जमीन, पिढ्यान्‌पिढ्या ती कसणाऱ्यांकडेच राहू द्या. दुसरं काही उत्पन्न नसेल तर येऊ नका. सोबत नसेल तर येऊ नका. गुंतवणूक म्हणून तर मुळीच येऊ नका. पडीत ठेवलेल्या वावरात तण वाढतं, डुकरं लपतात आणि आजूबाजूच्या दहा जणांचं पीक जातं.

आधी मे महिन्याच्या शेवटी येऊन आठवडाभर राहा. मग जुलैच्या झडीत या. तरीही यावंसं वाटलं तर गुढीपाडव्याला सालाचे करार होतात, तेव्हा एखादं वावर वर्षभर मक्त्याने घ्या आणि एक हंगाम पेरणीपासून जागलीपर्यंत स्वतः करा. खरेदीचं बोलणं त्यानंतर. आणि रजिस्ट्रीला जाण्याआधी त्या पांदणीवरच्या प्रत्येक वावरवाल्याच्या घरी जाऊन, आम्ही इथे राहायला येऊ का, असं विचारून या.